सुई लावली, पण जपली का?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. रस्ता, पाणी, नेटवर्क, जातीचे दाखले यावर मी इथं बरंच लिहिलंय आणि तुम्ही वाचलंय. आजचा विषय एवढासा आहे की काही जण हसतील. दवाखान्यात हाताला लावतात ती सलाईनची सुई, आणि औषध दिल्यानंतर त्या सुईतून सोडायचं पाच एमएल साधं सलाईन. बस, एवढंच. पण ज्यांच्या घरचं माणूस कधी आठ दिवस दवाखान्यात होतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माघातल्या थंडीत आमच्या आत्याला न्यूमोनिया झाला. वय साठीच्या पुढे, अंगानं बारीक. ताप आणि धाप बघून दाखल करून घेतलं, लगेच उजव्या हाताला सुई लावली, अँटिबायोटिक सुरू झालं. औषध लागू पडलं, आत्या वाचली. हे पहिल्यांदाच लिहितो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की हा दवाखान्याच्या नावानं बोटं मोडायला बसलाय. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका. भीती वाटते म्हणून नाही. हे एका दवाखान्याचं दुखणं नाही, म्हणून.

अकरा दिवसांत आत्याची सुई पाच वेळा बदलली. पहिली दुसऱ्याच रात्री बंद पडली. त्यात चूक माझी. बाटली संपत आली होती आणि मी बाकड्यावर झोपलो होतो. जाग आली तेव्हा नळीत रक्त चढलेलं. मला वाटलं नळी दाबून-चोळून रक्त मागं जाईल, म्हणून चोळत बसलो. सिस्टर आल्या, सुई बंद झालीय म्हणाल्या, काढून दुसरी लावली. तिसरी सुई कोपराजवळ लावली. तिच्यातून औषध सोडलं की आत्या म्हणायची, "बाबू, हात आग आग करतो." मी सिस्टरांना सांगितलं. त्या अडतीस पेशंटमागे एकट्या होत्या, मी खाटा मोजल्या होत्या. त्या म्हणाल्या, औषध जरा गरमच आहे, हळू सोडते. आणि इथं माझी दुसरी चूक. आत्याच्या हातावर शीर सापडत नाही, तीन-तीनदा टोचतात, हे मी पाहिलं होतं. म्हणून मीच म्हणालो, "सिस्टर, ही काढू नका, जरा जोर लावून बघा." त्यांनी बघितलं. आत्या ओरडली.

दुसऱ्या दिवशी सुईपासून वर दंडाकडे लाल रेघ आली. हात लावला तर कातडीखाली दोरी असावी तशी टणक शीर. हात गरम, सुजलेला, आणि उतरलेला ताप पुन्हा आला. याला फ्लेबायटिस म्हणतात, शिरेचा दाह. आपल्या भाषेत शीर सुजली, शीर भाजली. सुई काढली, मलम लावलं, शेक दिला. न्यूमोनिया अकराव्या दिवशी बरा होऊन आत्या घरी आली, पण उजवा हात पुढं दीड महिना कामाचा राहिला नाही.

आता आत्याचं काम काय, तर दुसऱ्याच्या मोगऱ्याच्या बागेत कळ्या खुडणं. आपल्या भागात मोगरा कसा वाढलाय ते तुम्हाला माहीत आहे. उजाडायच्या आत खुडायचं, कळी उमलली की भाव गेला. मजुरी किलोवर. फेब्रुवारीपासून हंगाम, आणि उजवा हात वर उचलत नाही. दवाखान्याचं बिल शून्य आलं. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, ते खरंच मोफत मिळाले. पण त्या दीड महिन्याची मजुरी कोणत्या कागदावर लिहायची? न्यूमोनियानं तिचे अकरा दिवस घेतले. सुईनं पंचेचाळीस घेतले.

मग मी माझ्या ओळखीच्या एका ताईंकडे गेलो. त्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या सिस्टर, आयुष्य वॉर्डात गेलेलं. नाव लिहू नको म्हणाल्यात. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर इकडं-तिकडं वाचून पडताळलं.

पहिली गोष्ट, हातात सुई नसतेच. आपण "सुई लावलीय, हात हलवू नको" म्हणतो, पण टोचताना असते ती लोखंडी सुई लगेच बाहेर काढून घेतात. शिरेत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या एका डॉक्टरनं १९५० मध्ये ही युक्ती काढली, तोवर खरोखरच लोखंडी सुई हातात ठेवायचे. या नळीला कॅन्युला म्हणतात, वॉर्डात इंट्राकॅथ किंवा व्हेनफ्लॉन असंही ऐकाल. रंगावरून जाडी कळते: हिरवी जाड, गुलाबी मधली, निळी बारीक, पिवळी लेकरांची, जांभळी अगदी तान्ह्या बाळाची. मी आपला सवयीनं पुढंही सुईच म्हणणार.

आता ही नळी शिरेत बसली. सलाईन चालू आहे तोवर आतून प्रवाह आहे. सलाईन थांबलं की प्रवाह थांबला, आणि शिरेतलं रक्त नळीच्या तोंडात थोडंसं मागं येतं. थांबलेलं रक्त गोठतं. तोंड बंद. शिवाय औषध सोडलं की त्यातलं थोडं नळीतच राहतं. काही औषधं शिरेला झोंबणारी असतात. तिथंच बसून राहिली तर आतली नाजूक त्वचा भाजते. आणि एका औषधाच्या मागोमाग दुसरं सोडलं तर दोघं नळीत भेटतात. काहींचं आपसात जमत नाही, दुधात लिंबू पडावं तसे खडे होतात. सेफ्ट्रायॲक्झोन हे आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं अँटिबायोटिक, ते कॅल्शियमच्या इंजेक्शनबरोबर असं वागतं.

यावर उपाय म्हणजे फ्लश. औषधाच्या आधी थोडं साधं सलाईन सोडायचं, म्हणजे सुई चालू आहे का, दुखतं का, फुगतं का ते कळतं. मग औषध. मग पुन्हा सलाईन, म्हणजे औषध पुढं रक्तात निघून जातं आणि नळीत मागं उरतं ते फक्त मिठाचं पाणी. सलाईन म्हणजे तरी काय, लिटरला ९ ग्रॅम मीठ, रक्ताच्या खारटपणाच्या जवळपास.

ताई हे सांगत होत्या तेव्हा आत्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे ठिबकला खत सोडल्यावर मागून साधं पाणी सोडतात तसंच की. नाहीतर नळ्या बुजतात." ताई हसल्या. म्हणाल्या, नर्सिंगच्या पोरींना मी इतकी वर्षं शिकवलं, एवढ्या सोप्यात मलाही सांगता आलं नाही.

ज्यांची मोगऱ्याची बाग आहे त्यांना हे दोन ओळींत कळलं असेल. खत सोडून पाणी न सोडणाऱ्या गड्याला आपण ओरडतो. माणसाच्या हातातल्या नळीचं कोणी विचारत नाही.

फ्लश मारण्याची रीत आहे, ती ताईंनी हवेत हात करून दाखवली. एकदम ढकलायचं नाही. थोडं ढकल, थांब, थोडं ढकल, थांब. त्यानं आत भोवरा होतो आणि भिंतीला चिकटलेलं सुटतं. शेवटचं थेंबभर उरलं असताना, ढकलता ढकलताच क्लॅम्प बंद करायचा, म्हणजे रक्त मागं येत नाही. सिरिंज दहा एमएलची घ्यायची, सलाईन पाचच भरायचं असलं तरी. मला हे उलटं वाटलं होतं, लहान सिरिंज नाजूक म्हणून बरी असेल. तसं नाही. सिरिंज जितकी बारीक तितका तिचा दाब जास्त. आणि सुई अडली असेल तर जोर लावायचा नाही, कधीच नाही. जोरानं एकतर गुठळी पुढं जाते नाहीतर शीर फाटते. मी सिस्टरांना जो हट्ट केला तो नेमका हाच. आत्याला मी हे सांगितलंय. ती म्हणाली, तुला काय ठाऊक होतं. पण ठाऊक नव्हतं तर बोललो कशाला, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

फ्लश ही काही जादू नाही, हेही लिहायला हवं. सुई कोपराच्या वळणावर लावली तर ती हलत राहणार आणि शीर सुजणार, कितीही फ्लश मारा. हात न धुता लावली तर जंतू जाणार. शीर सुजल्यावर तर फ्लश मारायचाच नाही, ती सुई काढूनच टाकायची आणि दुसऱ्या हाताला नवी लावायची. फ्लशनं सुजलेली शीर बरी होत नाही. धड चालू असलेली सुई धड राहते, एवढंच त्याचं काम.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२४ मध्ये या हातातल्या सुयांमुळे होणारा जंतुसंसर्ग कसा टाळायचा, यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वेळी त्यांनी सांगितलं की दवाखान्यात दाखल होणाऱ्या शंभरातल्या सत्तरपर्यंत पेशंटला अशी सुई लागते. म्हणजे हा विषय जगात कुठंच एवढासा नाही. पूर्वी सुई चालू ठेवायला हेपारिन नावाचं रक्त पातळ करणारं औषध वापरायचे. १९९१ मध्ये अमेरिकेत नर्सिंगच्याच लोकांनी सगळे अभ्यास एकत्र मांडून दाखवलं की हातातल्या सुईला साधं सलाईन तेवढंच काम करतं, आणि खर्च वाचतो. महागाचं सोडून स्वस्ताकडे जायचा सल्ला, तोही वॉर्डात उभं राहणाऱ्यांनी दिलेला. असं क्वचित होतं.

मग आपल्याकडे फ्लश का राहून जातो?

बाटली दिसते म्हणून. नातेवाईक बाटल्या मोजतात. "आमच्या माणसाला चार सलाईन लावल्या" असं गावात येऊन सांगतात. डॉक्टरनं सलाईन लावलं नाही तर "काही केलंच नाही" म्हणतात. पाड्यावर येणारे बिनडिग्रीचे लोक याच बाटलीवर धंदा करतात. पाच एमएलचा फ्लश कोणाला दिसत नाही, त्याचं कौतुक नाही, आणि नाही मारला तरी लगेच कळत नाही. तिसऱ्या दिवशी हात सुजतो तेव्हा ड्युटी बदललेली असते.

आणि वेळ. मी हिशोब केला. अडतीस पेशंटमधल्या तीस जणांना सुई आहे असं धरा. हात साफ करणं, सुईचं टोक स्पिरिटनं पुसणं, आधी फ्लश, नंतर फ्लश, मिळून दोन मिनिटं धरा. एका फेरीला एक तास. दिवसात तीन फेऱ्या, तीन तास. हे नुसतं फ्लशचं, औषध वेगळं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं जुनं प्रमाण साध्या दवाखान्याच्या जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स असं आहे. पाच आणि अडतीस. त्या सिस्टरला मी काय बोलू? ती रात्री अडीच वाजता एका बाळंतिणीकडून दुसऱ्या पेशंटकडे पळताना मी पाहिलंय. तिनं दोन मिनिटं वाचवली ती स्वतःच्या झोपेसाठी नाही.

आता सामान. फ्लशसाठी दहा एमएलच्या छोट्या प्लास्टिकच्या ॲम्प्युल मिळतात, एकदा तोडली की एकाच पेशंटला वापरून टाकून द्यायची. त्या नसल्या की काय होतं? एक मोठी सलाईनची बाटली टेबलावर, तिच्या रबरात एक सुई टोचून ठेवलेली, आणि दिवसभर सगळ्यांचे फ्लश त्यातूनच ओढायचे. हे तुम्हीही पाहिलं असेल. त्या बाटलीत एकदा जंतू गेला की तो अख्ख्या वॉर्डाला वाटला जातो. म्हणजे फ्लश न मारला तर शीर जाते, आणि असा मारला तर त्याहून वाईट होऊ शकतं. काही ठिकाणी सलाईनऐवजी डिस्टिल वॉटर वापरतात, कारण ते पावडरच्या इंजेक्शनबरोबर सहज मिळतं. ते औषध कालवायला आहे, शिरेत नुसतं सोडायला नाही, त्यात मीठ नसतं. आणि घाईत तर याहून मोठा घोटाळा होऊ शकतो. पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्युल दिसायला तशीच, आणि ती सरळ शिरेत गेली तर हृदय बंद पडतं. म्हणून ताई म्हणतात, फ्लशचं सामान वेगळ्या डब्यात, वेगळ्या लेबलचं, हाताशी हवं.

मी मेडिकलवर जाऊन विचारलं. एक ॲम्प्युल आणि एक सिरिंज, दोन चहाच्या आत. सरकार घाऊक घेईल तर आणखी स्वस्त.

इथं माझा एक मित्र म्हणाला, अरे वॉर्डात डॉक्टर पुरेसे नाहीत, स्पेशालिस्ट टिकत नाही, आणि तू पाच एमएलचं काय घेऊन बसलास. बरोबर आहे त्याचं. पण स्पेशालिस्ट मागून मागून आपली एक पिढी गेली. १९९२ मध्ये वावर-वांगणीत मुलं गेली तेव्हापासून या भागात किती मंत्री आले, किती घोषणा झाल्या ते जुन्या लोकांना विचारा. ती मागणी सोडायची नाहीच. पण ॲम्प्युलसाठी मंत्रालयात जावं लागत नाही. तो निर्णय जव्हारात बसून होऊ शकतो.

आणि आपल्याच भागात हा पाच एमएल जास्त मोलाचा का, ते सांगतो.

एक, आपली लेकरं. तीव्र कुपोषित मूल, ज्याला कागदावर सॅम लिहितात, ते उपचाराला दाखल झालं की त्याला सरसकट सलाईन लावत नाहीत. शॉकमध्ये असेल तरच. अशा मुलाचं हृदय कमजोर असतं, जास्त पाणी शिरेतून गेलं तर जीवावर बेततं. म्हणून पाणी-दूध तोंडानं किंवा नाकातल्या नळीनं. पण अँटिबायोटिक मात्र सुईनं द्यावं लागतं, ॲम्पिसिलिन दिवसातून चार वेळा. म्हणजे बाटली चालू नाही आणि सुई मात्र दिवसरात्र चालू राहायला हवी. ती कशावर राहणार? फ्लशवरच. आणि त्या मुलाची शीर म्हणजे दोऱ्यासारखी. पिवळी सुई एकदा बंद पडली की पुन्हा हातावर, पायावर, डोक्यावर शोधत बसायचं, आणि मूल एवढं थकलेलं की त्याला रडायचाही जोर नसतो. मग आई म्हणते, बस झालं, घरी नेते. "उपचार सोडून गेले" असा शेरा पडतो कागदावर. त्या शेऱ्यामागे कितीदा टोचलं ते लिहायला रकानाच नाही.

दोन, आपला रस्ता. मोखाड्याहून पेशंट नाशिकला न्यायचा म्हणजे घाट आलाच. बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही अशी बाई १०८ मध्ये आहे असं समजा. निघताना सुई चालू होती. घाटाच्या मध्यावर बंद पडली. रक्त गेलेल्या माणसाच्या शिरा आत चिकटून बसतात, चांगल्या उजेडात, स्थिर खाटेवरही सापडत नाहीत. हलत्या गाडीत, वळणावर, पावसात काय सापडणार? निघण्याआधी दोन जाड सुया, दोन्ही फ्लश करून तपासलेल्या, घट्ट चिकटवलेल्या, हे काम पाच मिनिटांचं आहे. सर्पदंशाचंही तेच. आवणीच्या दिवसांत एकामागून एक केस येतात, लस शिरेतूनच द्यायची असते. आणि सिकलसेलच्या पोरांना तर आयुष्यभर दवाखाना आहे. त्यांची प्रत्येक शीर म्हणजे शिल्लक आहे, वाया घालवली की परत भरता येत नाही.

आम्ही राहतो तिथून शिरपामाळ जवळच. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वाटेवर महाराज इथं थांबले, जव्हारच्या राजांनी मानाचा शिरपेच दिला, त्यावरून शिरपामाळ, असं आपण सगळे सांगतो. परवा तिथं बसलो होतो तेव्हा आत्याची नात म्हणाली, शिरपेचातलं शिर म्हणजे डोकं, मग आजीची सुजली ती शीर वेगळी का? वेगळी, म्हटलं, दीर्घ आहे. तेवढ्यात रस्त्यानं ॲम्ब्युलन्स गेली. पाहुण्यांना आपण माळ दाखवतो, फोटो काढतो, मान कसा द्यायचा ते या मातीला ठाऊक आहे म्हणतो. वॉर्डात सिस्टरला "ताई, जरा बघता का" एवढं म्हणायला मात्र आपली जीभ उचलत नाही. सुई म्हणजे दवाखान्यानं केलेला उपकार, तिच्याबद्दल बोललो तर रागावतील, औषध देणार नाहीत, असं आपल्या माणसाला वाटतं. आत्याचा हात दोन दिवस आग करत होता. ती मला सांगायची, सिस्टरला नाही.

म्हणून बोलायला शिका. भांडायला नको, नुसतं विचारायला. सुई लावताना म्हणा, ताई, डावा हात चालेल का, या हातानं ती काम करते. पट्टीवर तारीख-वेळ लिहायला सांगा. पेन नसेल तर आपलं द्या. औषध देताना माणूस म्हणाला की जळतंय, तर तिथंच थांबवायला सांगा. सुईभोवती लाल, गरम, टणक, फुगलेलं, ओलं, यातलं काहीही दिसलं की लगेच सांगा, पहाटेचे तीन असले तरी. बाटली संपत आली की माझ्यासारखं झोपू नका. आणि दोन दिवस सुईतून काहीच औषध गेलं नसेल तर विचारा, ही आता लागते का? नको असलेली सुई काढणं हाही उपचारच आहे. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, फ्लश स्वतः मारू नका. यूट्यूबवर बघून, सिरिंज आणून, रात्री सिस्टर दिसत नाहीत म्हणून, कधीही नाही. लेकरांना किती सोडायचं ते प्रमाणच वेगळं असतं, ते डॉक्टर-सिस्टरच ठरवणार.

आता सार्वजनिक काम. प्रत्येक सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. लोकप्रतिनिधी, अधिकारी त्यावर असतात, तिच्याकडे थोडा निधी असतो. औषधांची मोठी खरेदी आता राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडून होते, पण तिथून माल येईपर्यंत लागणारी किरकोळ वस्तू समिती घेऊ शकते. मी आपल्या भागातल्या समित्यांना अर्ज देणार आहे. मागण्या तीनच. दहा एमएलच्या सलाईन ॲम्प्युल कायम शिल्लक राहतील एवढ्या घ्याव्यात आणि टेबलावरची सामायिक बाटली बंद करावी. उपचाराच्या कागदावर औषधाशेजारी फ्लशचा एक रकाना छापावा, टिक करायला. आणि वॉर्डाच्या भिंतीवर मराठीत एक पाटी, चित्रांसह, हात जळत असेल तर बोला म्हणून. आमच्यातल्या किती बायाबापड्यांना वाचता येतं ते बघून चित्रं मोठी काढा. नर्सेसच्या रिकाम्या जागा भरायची मागणी चौथी आहे, ती वेगळ्या अर्जात, कारण एकत्र लिहिली की सगळा अर्ज "वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शनार्थ" जातो आणि ॲम्प्युलही अडकतात. दुकानात अर्ज टाइप करून करून एवढं शहाणपण मला आलंय.

आपल्या भागात २००७ पासून आरोग्यावर लोकांची देखरेख, जनसुनवाई हे प्रकार झालेत. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात पहिल्या टप्प्यातच ते आले होते. त्या वेळी बोललेले लोक अजून आहेत. त्यांनी पुढं यावं. ज्या सिस्टर-ब्रदर ही पोस्ट वाचत असतील त्यांनीही इनबॉक्समध्ये सांगावं, तुम्हाला खरोखर काय कमी पडतं ते. नाव बाहेर जाणार नाही.

बाकीच्यांनी कमेंटमध्ये एवढंच लिहा: पेशंट किती दिवस दाखल होता, सुई कितीदा बदलली, हात सुजला का, आणि त्यामुळे किती दिवसांचं काम बुडालं. दवाखान्याचं, डॉक्टरचं, सिस्टरचं नाव लिहू नका, लिहिलंत तर कमेंट काढून टाकीन. आकडे जमले की एका कागदावर मांडून अर्जाला जोडतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडून त्यांच्या पोरांनी विचारून लिहा. अर्जाची प्रत दुकानात ठेवलीय, सही करायला या. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही. आत्या पण येते म्हणालीय सही करायला, अंगठा नाही, सही. उजव्या हातानं.